आजोबांची मॉरिस मायनर आणि सातासमुद्रापारचे मॉरिसवाले: ओळखी कशा जुळवायच्या?

आंब्याचीसावली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमच्याकडे म्हापशाला १९५४ ची मॉरिस मायनर आहे. चार दारं, पुढची काच दोन भागांची, ८०३ सीसीचं इंजिन. आजोबा नैरोबीला रेल्वेत होते, तिथेच त्यांनी ती घेतली. १९६४ साली कायमचे परतले तेव्हा 'कारंजा' बोटीतून तिला मुंबईला उतरवलं आणि तिथून स्वतः चालवत गोव्याला आणलं. बाबा तेव्हा वीस वर्षांचे, शेजारच्या सीटवर. वाटेत एका घाटात पाणी उकळलं म्हणून ओढ्यातून टोपीनं पाणी आणल्याची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय.

१९९८ पासून गाडी शेडमध्ये उभी आहे. बाबा आता ऐंशीच्या पुढे गेलेत. गेल्या गणपतीत म्हणाले, "एकदा तिच्यात बसून बाजारापर्यंत जायचंय." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

इथल्या दोन मिस्त्रींनी "सुटे भाग मिळत नाहीत, भंगारात द्या" सांगितलं. पण जगात या गाडीचे इतके वेडे आहेत म्हणतात, तर त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? इंग्लंडमधल्या क्लबचं सदस्य होऊन इथे बसून उपयोग होतो का? भाग मागवायचे तर विश्वास कुणावर ठेवायचा? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

आणि घरात एक वाद आहे. गाडी आता क्रीम रंगाची आहे. बाबा म्हणतात नैरोबीत ती हिरवी होती. काका म्हणतात पहिल्यापासून क्रीमच. फोटो आहेत ते सगळे कृष्णधवल.

भुंगा

वाचतोय. फोटो टाका, शेडमधला चालेल, धुळीसकट.

घाटमाथा

ताई, काळजी करू नका. मॉरिस म्हणजे आपली अँबॅसिडरच. कोलकात्याहून हवे तेवढे भाग मिळतील. परदेशात कशाला जायचं?

गॅरेजवाला

घाटमाथा, इथे थांबवतो, कारण या सल्ल्यावर लोकांनी पैसे घालवलेले मी पाहिलेत. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस *ऑक्सफर्ड*, तिसरी मालिका. मायनर वेगळी गाडी. ऑक्सफर्डला बी-सिरीज इंजिन, १४८९ सीसी. ताईंच्या मायनरला ए-सिरीज, ८०३ सीसी. गॅस्केटपासून क्लच प्लेटपर्यंत काही बसणार नाही. दिसायला बहिणी, पण एकीचं पोलकं दुसरीला होत नाही.

आता तुमच्या म्हणण्यातला खरा भाग. ऑक्सफर्डवाल्यांसाठी भारत ही खाणच आहे. इंग्लंडमध्ये तिसऱ्या मालिकेची ऑक्सफर्ड १९५९ च्या सुमारास बंद झाली, आपल्याकडे उत्तरपाड्याला तीच अँबॅसिडर म्हणून २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. माझं पुण्यात गॅरेज आहे. नऊ-दहा वर्षांपूर्वी यॉर्कशरमधल्या एका निवृत्त शिक्षकाचं पत्र आलं. त्याला दाराचे रबर आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश हवे होते. मी जुन्या बाजारातून, एका बुधवारी आणि एका रविवारी फिरून, जमवले आणि पाठवले. त्याने पैशांबरोबर त्याच्या गाडीचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल झेरॉक्स करून पाठवलं. त्या मॅन्युअलवर माझ्या पोरांनी आजवर कितीतरी अँबॅसिडर उघडल्यात.

मात्र पाठवताना एक जपावं लागतं. अँबॅसिडर इतकी वर्षं बनली म्हणजे तशीच राहिली असं नाही. पुढे इसुझूचं १.८ लिटर इंजिन आलं, जाळी बदलली, आतलं बरंच बदललं. गाडी कुठल्या वर्षाची ते विचारल्याशिवाय मी खोकं बांधत नाही.

घाटमाथा

मान्य. चूक माझी. पोलक्याची उपमा लक्षात राहील.

डनेडिनकर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा. माझ्याकडे १९५७ ची मायनर १००० आहे, म्हणजे तुमच्या गाडीची धाकटी बहीण. एकसंध काच आणि ९४८ सीसी.

इथे आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. शेजारच्या रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी बॉनेट उघडून बसलेले दिसायचे. एक दिवस थांबलो आणि म्हणालो, आमच्या गावच्या डॉक्टरांकडे हीच होती. त्यांनी हातात पाना दिला. तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर शनिवारी काम केलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने गाडी मला दिली, किंमत नावापुरती घेतली. तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आधी *भाग* मागू नका, *प्रश्न* विचारा. या गाड्या बनवणारा कारखाना उरला नाही, विक्रेता उरला नाही. कुठला बोल्ट आधी सैल करायचा ही माहिती आता माणसांच्या हातात आहे आणि ती माणसं जगभर विखुरलीत. त्यांना विचारलं की ती खुलतात.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एक छोटी पाटी असेल. तिच्यावर तीन अक्षरं, दोन आकडे आणि पुढे लांब नंबर. ती पाटी आम्हाला वाचून दाखवा. तुमच्या घरातला वाद तिथेच मिटेल बहुतेक.

दुसरं, बॉनेटच्या मधोमध उभी सपाट पट्टी दिसेल. ती शोभेची नाही. आलेक इसिगोनिस यांनी ही गाडी आखली, नमुना तयार झाला, आणि ऐनवेळी त्यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना उभा कापला, दोन भाग सरकवून पाहिले आणि ४ इंचांनी रुंद केली. त्या ४ इंचांची खूण म्हणजे ती पट्टी. बाबांना दाखवा.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. इंजिन सुरू झालं म्हणून लगेच रस्त्यावर काढू नका. पुढच्या चाकांचे खालचे ट्रनियन, म्हणजे आटेदार सांधे, आधी तपासा. त्यांच्या आट्यांवर अख्खं चाक वळतं. ग्रीस नसेल तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक गाडीखाली दुमडतं. मायनरचा हा जगजाहीर आजार आहे. ते बदलायचेच असं धरून चला. डावं-उजवं वेगळं असतं, मागवताना नीट सांगा.

तिखटमीठ

"आधी प्रश्न विचारा" हे मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने स्कूटरचा सायलेन्सर उघडलाय आणि तीन दिवस कुणाला विचारत नाहीये.

डर्बीची_मालन

आंब्याचीसावली, तुझा धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

मी डर्बीला राहते, आणि मॉरिस मायनर ओनर्स क्लबचं ठाणं आमच्याच गावात आहे. माझ्याकडे ट्रॅव्हलर आहे, म्हणजे मागे लाकडी चौकट असलेली. ते लाकूड सजावटीचं नाही हो, मागचा अख्खा डोलारा त्याच्यावर उभा असतो. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड. ओलीत ठेवली तर त्यावर शेवाळ येतं, मी दर वर्षी घासून पॉलिश करते. शेजारीण म्हणते, तू गाडी धुतेस की देव्हारा?

क्लबबद्दल विचारलंस. हो, घे सदस्यत्व. मासिक येतं, पण खरा फायदा म्हणजे तांत्रिक सल्ला देणारी माणसं. त्यांतली कित्येक आयुष्यभर एकाच मॉडेलवर काम करत आलेली. कॉर्क गॅस्केटबद्दल एका वाक्यात विचारलं तर तीन पानांचं उत्तर येतं. परदेशातल्या सदस्यांचं त्यांना विशेष अप्रूप असतं. तुझी गाडी केनियाहून बोटीने आली हे कळलं तर ते तुला लेख लिहायला लावतील.

भाग मिळतात, अगदी पत्रेसुद्धा. मायनर १६ लाखांवर बनल्या. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश गाडी, १९६० च्या डिसेंबरात. त्या निमित्ताने फिक्कट जांभळ्या रंगाच्या साडेतीनशेच्या आसपास खास गाड्या काढल्या होत्या. इतक्या बनल्या म्हणून इतक्या टिकल्या, आणि टिकल्या म्हणून भाग बनवणारे टिकले. एके काळी तर मायनरचे पत्रे श्रीलंकेत ठोकून इंग्लंडला येत. तिथे या गाड्या रोज रस्त्यावर होत्या आणि पत्रा हाताने घडवणारे कारागीरही होते.

मी डिसेंबरात बेळगावला माहेरी येतेय. ट्रनियनचा जोड माझ्या बॅगेत येईल. जड असतो, पण मी येताना माझी बॅग रिकामीच असते. जाताना भरते.

आंब्याचीसावली

मालनताई, काय बोलू! तुमच्या जाताना भरायच्या बॅगेसाठी आमसुलं, कुळथाची पिठी आणि आईची तिरफळं तयार ठेवते.

कडवंबोलतो

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. ब्रिटिशांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं. त्यांच्या गाड्यांचं एवढं कौतुक, त्यांच्या क्लबांचं सदस्यत्व, त्यांची मासिकं, हे मला खटकतं. गाडी जुनी आहे, ठीक आहे, दुरुस्त करा. पण 'क्लासिक ब्रिटिश' म्हणून मिरवायचं कशाला?

तेलपाणी

कडवंबोलतो, तुमचा राग मी समजू शकतो. माझे पणजोबा ४२ च्या चळवळीत तुरुंगात होते. पण माझ्याकडे कोल्हापुरात एमजी टीडी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे आणि मला त्यात विसंगती वाटत नाही.

आपण ज्या माणसाच्या गाडीबद्दल बोलतोय तो इसिगोनिस जन्माने इंग्लंडचा नव्हता. तो १९०६ साली स्मिर्नात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरमध्ये, एका ग्रीक घरात जन्मला. १९२२ साली युद्धात ते शहर पेटलं तेव्हा घरदार सोडून निर्वासित म्हणून निघाला. पुढे त्याने मायनर केली आणि १९५९ साली मिनी. आणि मॉरिस कंपनीचा संस्थापक, लॉर्ड नफिल्ड, त्याला मायनरचा आकारच आवडला नव्हता. फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते म्हणाला. ही गाडी साम्राज्याच्या मर्जीतून कमी आणि एका परक्या माणसाच्या हट्टातून जास्त आली.

आणि ताईंच्या आजोबांनी रेल्वेतल्या पगारातून ती घेतली. ती गाडी त्यांच्या घामाची.

आता माझा अनुभव. टीडीच्या इंजिनात एक गंमत आहे. बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ मापाची. म्हणजे पाना इंग्रजी जुन्या मापाचा लागतो आणि आत फिरतं मिलिमीटरचं. मूळ इंजिन-कारखाना एका फ्रेंच कंपनीचा होता, यंत्रं मेट्रिक होती, ती तशीच ठेवली आणि बोल्टांची डोकी मात्र इंग्रजी मिस्त्रींच्या पान्यांत बसतील अशी केली. हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या लेथवाल्याने चार बोल्ट इंची आट्यांचे करून दिले, एक बसवताना ब्लॉकमधला आटा मेला. त्या रात्री मी हताश होऊन कॅलिफोर्नियातल्या एका टीडीवाल्याला लिहिलं. टीडी जवळपास तीस हजार बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, त्यामुळे ज्ञानही तिकडे जास्त. सकाळी उत्तर आलेलं होतं: मेलेल्या आट्याच्या जागी कुठल्या आट्याचं इन्सर्ट (आतून बसवायचा नवा आटा) बसवायचं, किती खोल भोक पाडायचं, हाताने काढलेल्या आकृतीसकट. आज अकरा वर्षं झाली, आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. त्याच्या नातवाचं नाव मला माहीत आहे, माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख त्याला.

कडवंबोलतो

इसिगोनिसचं ठाऊक नव्हतं. निर्वासिताची गाडी म्हणून वाचली तर वेगळी वाटते. माझं मूळ मत पूर्ण बदललं असं नाही, पण ताईंच्या बाबांना बाजारात जाताना बघायला मला आवडेल.

हेराल्डीण

अवांतर: माझ्या सासऱ्यांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डच, पण मद्रासला बनलेली, चार दारांची. लंडनजवळच्या एका ट्रायम्फ मेळाव्याला गेलो होतो तेव्हा मोबाइलमधला फोटो दाखवला तर पाच-सात जण गोळा झाले. इंग्लंडमध्ये हेराल्ड कायम दोनच दारांची राहिली. चार दारांची फक्त आपल्याकडे बनली. एक आजोबा फोटो मोठा करून मागच्या दाराचं बिजागर कुठे बसवलंय तेवढंच बघत होते, दहा मिनिटं. मग विचारलं, पाऊस आत येतो का? मी म्हटलं, येतो. "मग अस्सल आहे," म्हणाले.

भुंगा

हेराल्डीण 😄 आमच्याकडच्या घरालाही हाच निकष लावला तर अस्सल ठरेल.

डोंगरवाटा

संदकफूच्या ट्रेकला गेलो होतो. दार्जिलिंग जिल्ह्यात मानेभंजंगहून वर ३६०० मीटरपर्यंत जाणारी वाट, आणि त्या वाटेवर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर अजून प्रवासी नेतात. पोटापाण्यासाठी, प्रदर्शनासाठी नव्हे. आमच्या चालकाने एका वळणावर थांबून तारेच्या तुकड्याने काहीतरी बांधलं आणि पुढे निघाला. बरोबर स्कॉटलंडचा एक प्रवासी होता, त्याच्या शेतावर तीच गाडी. दोघांची भाषा एक नाही, पण गिअर कुठे अडकतो हे दोघं हातवारे करून अर्धा तास बोलत होते. चहा थंड झाला.

कस्टमकाका

निवृत्त आहे, खात्याचं नाव सांगत नाही. फक्त एक विनंती. परदेशातून भाग पाठवणाऱ्या मित्राला पाकिटावर 'गिफ्ट' लिहायला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरियरने ऑनलाइन मागवलेल्या वस्तू भेट म्हणून आणायची सवलत गेली, अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी. खरी किंमत, खरं वर्णन, बिल आत आणि बाहेर दोन्हीकडे. ड्युटी भरा, पार्सल अडकत नाही. "जुनं लोखंड" असं लिहिलेलं खोकं हमखास उघडलं जातं.

तिखटमीठ

म्हणजे डनेडिनकरांनी कार्बोरेटरला राखी बांधून पाठवलं तर?

कस्टमकाका

तर राखी सुटेल, कार्बोरेटरवर ड्युटी लागेल. 🙂

गॅरेजवाला

पेट्रोलचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढतो. १९५४ ची गाडी शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची. ते २००० साली बंद झालं. शिशामुळे व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा, झिजत नसे. आता इंजिनचं हेड उघडलंत तर कडक सीट बसवून घ्या, म्हणजे चिंता मिटली. दुसरं इथेनॉल. आपल्याकडे आता सगळीकडे २० टक्के. जुन्या काळचं रबर, पंपाचा पडदा, कॉर्क यांना ते सोसत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली १० टक्के आलं तेव्हा जुन्या गाडीवाल्यांची हीच ओरड होती, तेव्हा इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदे तिकडे सहज मिळतात. मालनताईंच्या बॅगेत तेही येऊ द्या, वजन काही नाही. आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका.

नोंदणीचं: पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, नव्याने नोंदवली तर नंबरात 'व्हीए' येतं. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्याचसाठी. बाबांना बाजारात जायचं असेल तर जुनी नोंदणी जिवंत करण्याचा मार्ग आधी आरटीओत विचारा.

आंब्याचीसावली

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. खूप काही घडलंय.

आधी पाटी. गंज खरवडून, पीठ चोळून वाचली: एफ ए ई २१, पुढे नंबर.

आणि एक घोळ झाला. मिस्त्रींनी नवी बॅटरी आणली, बसवली, दिवे लागले, आम्ही नाचलो. पण इंजिन फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझतच नाही. मिस्त्री म्हणतात, "पहिल्या माणसाने लाल वायर बॉडीला जोडून ठेवली होती, मी ती चूक दुरुस्त केली."

डनेडिनकर

ती चूक नव्हती! त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचा *धन* ध्रुव बॉडीला असतो. बॅटरी पुन्हा मूळ पद्धतीने लावा, धन बॉडीला. मग डायनॅमोला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, त्याची दिशा परत शिकवावी लागेल. त्याच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरीच्या जिवंत टोकाची, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या टोकाची, एक वायर घ्या आणि 'एफ' लिहिलेल्या टोकाला क्षणभर टेकवा. छोटी ठिणगी उडेल. दोन-तीनदा. झालं. मिस्त्रींना दोष देऊ नका, त्यांनी आयुष्यभर उलटंच पाहिलंय.

आता पाटी. ऐका.

'एफ' म्हणजे मायनर. 'ए' म्हणजे चार दारांची सलून, बंद टपाची. पहिला आकडा २, म्हणजे उजव्या हाताचं स्टिअरिंग, निर्यातीसाठी. इंग्लंडात विकायची असती तर १ असता. सुटी करून पाठवून बाहेर जोडायची असती तर ५. तुमची पूर्ण बनून केनियाला गेली.

आणि तिसरं अक्षर रंगाचं. काळ्याला ए, गडद लालला सी, गडद निळ्याला डी.

'ई' म्हणजे हिरवा.

डर्बीची_मालन

हिरवी!! बाबांना सांग पटकन!

तेलपाणी

वा! आता इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला लिहा. त्यांच्याकडे जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या आहेत. नंबर दिला आणि शुल्क भरलं की प्रमाणपत्र देतात: कधी बनली, कुठल्या रंगाची, कुठे रवाना झाली. सुटी जाऊन बाहेर जोडलेल्या गाड्यांची नोंद त्रोटक असते, पण तुमची पूर्ण बनून गेलीय, तेव्हा चांगलं हाती लागेल.

आंब्याचीसावली

बाबांना पाटीचा फोटो आणि डनेडिनकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॅशबोर्डच्या खाली बघ, ग्लव्ह बॉक्सच्या मागे. रंगारी तिथे कशाला हात घालेल." टॉर्च घेऊन आडवी झाले. तिथे तळहाताएवढा पत्रा गडद हिरवा आहे, काल रंगवल्यासारखा. काकांना बोलावलं. तेही आडवे झाले. उठून म्हणाले, "दादा, तू बरोबर होतास." सत्तरी ओलांडलेले दोघे शेडमध्ये हसत बसले होते. रंग मुंबईत कुणीतरी बदलला असणार, उतरवताना खरचटली म्हणून, असा बाबांचा अंदाज आहे.

डायनॅमोला टेकवाटेकवी केली. लाल दिवा विझला. मिस्त्री आता गावभर ही विद्या सांगत फिरतायत.

इंजिन परवा सुरू झालं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल घालून दोन दिवस ठेवलं, मग हँडल मारून हाताने फिरवलं. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप मुका होता. डनेडिनकर तिकडे रात्री साडेअकराला व्हिडिओवर होते. म्हणाले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या टोकाला हळूच टकटक करा. केलं. आतून टिक, टिक, टिक सुरू झालं. बाबा शेडच्या दारात उभे होते, त्यांनी तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "उठली."

रस्त्यावर अजून काढलेली नाही. ट्रनियन डिसेंबरात येतील, मगच. ब्रेकचा मास्टर सिलिंडरही काढायचाय.

डनेडिनकर

चालकाच्या पायाखालच्या फळीखाली, चासीच्या पोटात लपलाय तो. बोल्ट बाहेर येताना टॉर्शन बार, म्हणजे सस्पेन्शनचा लांब दांडा, आडवा येतो. घाईने ठोकाठोकी नको. मी पुढच्या शनिवारी माझ्या गाडीचा तो भाग उघडून व्हिडिओ करतो, मापांसकट.

गॅरेजवाला

मला गोव्यात २२ ला काम आहे. ताई, चालत असेल तर सकाळी म्हापशाला येतो. ब्रेक मी स्वतः बघितल्याशिवाय बाबांना बसवू नका. मजुरी नको, कुळथाची पिठी उरली असेल तर बघा.

आंब्याचीसावली

या हो, नक्की या. बाबा आत्तापासून शेड झाडायला लागलेत.

एक शेवटचं आजच्यापुरतं. दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे ते पिवळे दिव्याचे हात आहेत ना, वळण दाखवायचे. उजवा व्यवस्थित चालतो. डावा बाहेर येतो पण परत आत जात नाही, बाबा बोटाने ढकलतात. आमची हिरवी कायम हात वर करून उभी आहे असं वाटतं. कुणाला उपाय माहीत आहे?

डर्बीची_मालन

बिजागराच्या टोकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. एकच हं, आत गुंडाळीवर ओघळू देऊ नकोस. मग पाच-सहा वेळा हाताने वर-खाली कर. आणि त्याच्या छोट्या बल्बचा नंबर कळव, मी दोन जास्तीचे आणते.